प्रवेशानंतर थांबणारा जुना संगणक : दोष शोधण्याची रीत

शाळेतील संगणक नेहमीप्रमाणे चालू होतो. नाव व पासवर्ड विचारतो. पासवर्ड बरोबर दिला असता स्वागताची ओळ दाखवितो. आणि त्यानंतर पडदा काळा होऊन त्यावर केवळ माउसचा पांढरा बाण फिरत राहतो. चिन्हे नाहीत, खालची पट्टी नाही, फाइली नाहीत. काही वेळा पडद्यावर नुसते रंगीत चित्र उरते, तर काही वेळा प्रवेश मिळतो न मिळतो तोच यंत्र पुन्हा पासवर्डाच्या चौकटीकडे परत येते. दहाबारा वर्षे वापरलेल्या संगणकांत हा बिघाड वरचेवर आढळतो. सबब त्याचा स्वतंत्रपणे विचार करणे ग्रामीण शाळांतील शिक्षकांस उपयुक्त ठरावे.

असा प्रसंग आला म्हणजे बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर संगणकावर कापड पडते, तो कोपऱ्यात जातो आणि डेडस्टॉक नोंदवहीत त्याच्यापुढे 'नादुरुस्त' असा शेरा लागतो. किंवा तो तालुक्याच्या गावी दुरुस्तीस जातो आणि तेथे 'फॉरमॅट मारावा लागेल' असे उत्तर मिळते. फॉरमॅट केल्याने यंत्र चालू होते हे खरे. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने तो सर्वांत थोड्या वेळाचा उपायही आहे. परंतु त्या उपायाने यंत्र घरी परत येते ते रिकामे होऊन.

या रिकामेपणाची किंमत नीट समजून घेतली पाहिजे. 'सरल' अथवा 'यू-डायस' यांवर भरलेली माहिती दूरच्या सर्व्हरवर असते. शाळेचा संगणक बंद पडला म्हणून ती नाहीशी होत नाही. याउलट, मागील अनेक वर्षांची निकालपत्रके, शिष्यवृत्ती परीक्षेसाठी तयार केलेले प्रश्नसंच, माजी विद्यार्थ्यांच्या याद्या, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, मुलांनी स्वतःच्या बोटांनी एकेक अक्षर शोधून टंकलेल्या गोष्टी, हे सारे बहुधा त्या एकाच डिस्कवर असते व त्याची दुसरी प्रत कोठेही नसते. म्हणून पहिला नियम असा की, फाइलींची प्रत हाती आल्यावाचून फॉरमॅट करण्यास संमती देऊ नये. बिघाडाच्या या विशिष्ट प्रकारात फाइली बहुतेक वेळा जशाच्या तशा शाबूत असतात. फक्त त्यांच्याकडे जाण्याची नेहमीची वाट बंद झालेली असते.

यंत्र कोठपर्यंत पोहोचले?

दोष शोधण्याची सुरुवात पेचकसाने करू नये, निरीक्षणाने करावी. संगणक चालू होण्याची क्रिया ही एक साखळी आहे. प्रथम वीज येते, मग यंत्र आपल्या स्मृतीची व जोडलेल्या साधनांची तपासणी करते, त्यानंतर डिस्कवरून विंडोज अगर लिनक्स ही मूळ प्रणाली वाचली जाते, मग प्रवेशाची चौकट येते, आणि प्रवेशानंतर त्या व्यक्तीचे खाते उघडून डेस्कटॉप रंगविला जातो. ज्या संगणकाने पासवर्ड विचारला व तो मान्य केला, त्याचा वीजपुरवठा, प्रोसेसर आणि मूळ प्रणालीचा गाभा हे चालत आहेत असे मानण्यास हरकत नाही. शाळेचे फाटक उघडले, घंटा झाली, हजेरीही झाली, परंतु वर्गात शिकवणे सुरू झाले नाही, अशी ही अवस्था आहे. तेव्हा फाटकाचे कुलूप बदलून उपयोग नाही.

विंडोज ७ मध्ये प्रवेशानंतर 'यूजरइनिट' नावाचा एक लहानसा कार्यक्रम चालतो व तो 'एक्सप्लोरर' या कार्यक्रमास जागे करतो. हे एक्सप्लोरर इंटरनेट पाहण्याचे नव्हे. डेस्कटॉपवरील चिन्हे, खालची पट्टी, स्टार्टचे बटण आणि फोल्डरांच्या खिडक्या दाखविणे हे त्याचे काम. पडदा काळा व बाण मात्र हलतो, याचा अर्थ बहुधा एवढाच की, एक्सप्लोरर उठलेला नाही किंवा उठून कोसळला आहे.

आरंभीच्या साध्या परीक्षा

सर्वांत आधी थांबावे. जुन्या फिरत्या डिस्कचा संगणक, त्यावर चालणारी विषाणुरोधक प्रणाली आणि दोन जीबी स्मृती अशी सांगड असली म्हणजे डेस्कटॉप येण्यास दहा-पंधरा मिनिटेही लागू शकतात. कॅबिनेटच्या दर्शनी बाजूस डिस्कचा लहान दिवा असतो. तो सतत लुकलुकत असेल तर यंत्र काम करीत आहे, त्यास त्रास देऊ नये. तो विझलेला असून पडदाही काळाच असेल तर पुढे जावे. अधीर होऊन मुख्य बटण दाबून धरणे हा या बिघाडाचा उपाय नसून अनेकदा त्याचे कारण असते.

नंतर पेन ड्राइव्ह, प्रिंटर, वेबकॅम, इंटरनेटची तार ही सर्व साधने काढून केवळ कळफलक व माउस ठेवून यंत्र पुन्हा चालू करावे. येथे प्रोजेक्टर असलेल्या शाळांसाठी एक गोष्ट मुद्दाम नोंदविली पाहिजे. प्रोजेक्टरची तार जोडलेली राहिली व तो बंद असला, तरी कित्येकदा संगणक त्यास दुसरा पडदा समजतो आणि सर्व चिन्हे त्या न दिसणाऱ्या पडद्यावर मांडतो. मग समोरच्या पडद्यावर नुसते रंगीत चित्र दिसते व डेस्कटॉप गेला असे वाटते. तार काढावी, अथवा विंडोजच्या चिन्हाची कळ धरून पी ही कळ दाबावी आणि 'कॉम्प्युटर ओन्ली' हा पर्याय निवडावा. ज्या शिक्षकाने एवढे करून पाहिले त्याची तालुक्याची एक खेप वाचण्याचा संभव आहे.

टास्क मॅनेजरची परीक्षा

यानंतरची परीक्षा सर्वांत बोधप्रद आहे. काळा पडदा असतानाच कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. त्याने काही घडले नाही तर कंट्रोल, ऑल्ट व डिलीट दाबून येणाऱ्या यादीतून टास्क मॅनेजर निवडावा. त्याची खिडकी उघडली की फाइल या मथळ्याखालील 'न्यू टास्क' हा पर्याय घेऊन चौकटीत एक्सप्लोरर हे नाव इंग्रजी अक्षरांत लिहावे व एंटर दाबावे.

येथून तीन वाटा फुटतात. डेस्कटॉप तत्काळ आला व टिकला, तर यंत्र व फाइली दोन्ही ठीक असून केवळ एक्सप्लोररला हाक मारणारी नोंद बिघडली आहे. डेस्कटॉप येऊन लगेच नाहीसा झाला, तर एक्सप्लोररला कोणता तरी दुसरा कार्यक्रम पाडीत आहे. आणि टास्क मॅनेजरच उघडत नसेल, तर दोष अधिक खोल आहे.

पहिल्या वाटेचे कारण जाणून घेण्याजोगे आहे. विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, जिला रजिस्ट्री म्हणतात, 'विनलॉगऑन' या प्रकरणात 'शेल' नावाची एक नोंद असते आणि तिच्यापुढे एक्सप्लोररचे नाव असते. बाहेरच्या पेन ड्राइव्हमधून येणारे काही विषाणू ही नोंद बदलून तेथे स्वतःचे नाव लिहितात. पुढे विषाणुरोधक प्रणाली त्या विषाणूची फाइल काढून टाकते, परंतु नोंद तशीच राहते. मग विंडोज अस्तित्वात नसलेल्या कार्यक्रमास हाका मारीत बसते. त्याच प्रकरणातील 'यूजरइनिट' ही नोंद बिघडली असता प्रवेश मिळताच यंत्र पुन्हा पासवर्डाकडे परत येते. या नोंदी दुरुस्त करणे कठीण नाही. परंतु रजिस्ट्रीत एक चुकीचा शब्द लिहिला गेला तर चालणारे यंत्रही थांबते. म्हणून ज्यास त्याची सवय आहे अशाच व्यक्तीकडून ते करून घ्यावे. शिक्षकाने 'शेलची नोंद तपासून पाहा' एवढे त्यास सांगितले तरी फॉरमॅटची भाषा बहुधा मागे पडते. दरम्यान, डेस्कटॉप हाताने उघडता येतो आहे, तर त्याच दिवशी फाइलींची प्रत घ्यावी.

दुसरी वाट असेल तर सेफ मोड वापरावा. विंडोज ७ मध्ये यंत्र चालू होताच, विंडोजचे चिन्ह दिसण्यापूर्वी, एफ ८ ही कळ पुनःपुन्हा दाबली असता एक काळी यादी येते. तीतील सेफ मोड हा पर्याय निवडल्यास विंडोज अत्यावश्यक तेवढ्याच गोष्टी घेऊन चालू होते. तेथे डेस्कटॉप नीट आला, तर दोष अलीकडे बसविलेल्या एखाद्या कार्यक्रमात अगर चालकात, विशेषतः पडद्याच्या चालकात, आहे हे जवळजवळ सिद्ध झाले. गेल्या आठवड्यात यंत्रात काय नवे घातले याची आठवण करावी व ते काढावे. याच यादीत 'लास्ट नोन गुड' असाही एक पर्याय असतो. त्याचे नाव मोहक आहे, परंतु या बिघाडात त्यावर फार भिस्त ठेवू नये. कारण प्रवेश यशस्वी झाला की विंडोज तीच अवस्था 'चांगली' म्हणून नोंदवून ठेवते. 'लो रेझोल्यूशन' हा पर्याय मात्र पडद्याच्या चालकाचा संशय असताना उपयोगी पडतो.

रिकामा डेस्कटॉप आणि तात्पुरते खाते

आता ज्या प्रकारात सर्वाधिक नुकसान होते त्याकडे वळावे. यात पडदा काळा नसतो. डेस्कटॉप येतो, पण कोरा. नव्या संगणकावर असावा तसा. शिक्षकाने ठेवलेली एकही फाइल तेथे नसते. उजव्या कोपऱ्यात एक लहान सूचना क्षणभर दिसून जाते, ती बहुधा कोणी वाचत नाही. तात्पुरत्या प्रोफाइलने प्रवेश दिला आहे, असा तिचा आशय असतो.

प्रत्येक वापरणाऱ्याच्या आवडीनिवडी, चिन्हांची मांडणी व इतर तपशील विंडोज त्याच्या खात्यातील एका फाइलीत साठविते. यंत्र बंद होण्याच्या वेळी ही फाइल लिहिली जाते. नेमकी त्याच वेळी वीज गेली, अथवा शाळा सुटल्याची घंटा झाली म्हणून कोणी भिंतीवरचे बटण बंद केले, की ती अर्धवट राहते. पुढच्या खेपेस विंडोजला ती वाचता येत नाही, म्हणून ते एक तात्पुरते खाते उभारून वापरणाऱ्यास आत घेते. जुने फोल्डर मात्र सी ड्राइव्हमधील 'यूजर्स' या फोल्डरात त्याच्या मूळ नावाने जसेच्या तसे असते.

धोका पुढेच आहे. फाइली गेल्या असे समजून शिक्षक धीर करतो, रात्री बसून निकालपत्रक पुन्हा तयार करतो, डेस्कटॉपवर साठवितो व यंत्र बंद करतो. तात्पुरते खाते बाहेर पडताना पुसले जाते. त्या रात्रीचे काम त्याबरोबर जाते. म्हणून डेस्कटॉप अकस्मात कोरा दिसला तर त्यावर एक ओळही टंकू नये. यंत्र रीतसर बंद करून पुन्हा चालू करावे. काही वेळा विषाणुरोधक प्रणालीने ती फाइल अडवून धरलेली असते व दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस खाते आपोआप उघडते. तसे न झाल्यास नियंत्रण फलकातून ॲडमिनिस्ट्रेटर दर्जाचे नवे खाते करावे, त्यातून प्रवेश घ्यावा, 'यूजर्स' मधील जुने फोल्डर उघडावे आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स व डाउनलोड्स यांतील सामग्री नव्या खात्यात आणावी. परवानगीची चौकट आल्यास ती मान्य करावी. एनटीयूजर या नावाने सुरू होणाऱ्या फाइली तेवढ्या आणू नयेत. बिघाड त्यांतच असण्याचा संभव असतो. जुने खाते दुरुस्त करण्याच्या युक्त्या आहेत, परंतु नवे खाते करणे अधिक निर्धोक. मूळ खाते लगेच पुसण्याची घाई नको. एक महिना राहू द्यावे.

फाइलींची प्रत घेताना मराठी शाळांस एक निराळीच अडचण येते. जुनी निकालपत्रके व प्रश्नपत्रिका पुष्कळदा श्रीलिपी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व पद्धतीच्या फाँटांत टंकलेल्या असतात. दुसऱ्या संगणकावर त्या उघडल्या की अर्थहीन रोमन अक्षरे व चिन्हे दिसतात आणि फाइल सडली असा समज होतो. फाइल उत्तम असते; तो फाँट तेथे नसतो इतकेच. सी ड्राइव्हमधील विंडोजच्या फोल्डरात 'फाँट्स' नावाचे फोल्डर आहे. फॉरमॅटपूर्वी त्यातील मराठी फाँटांचीही प्रत घेतली, तर पुढील कित्येक तासांचे पुनर्टंकन टळते. या एका गोष्टीकडे होणारे दुर्लक्ष विलक्षण आहे.

डिस्क भरणे आणि डिस्क मरणे

या दोन गोष्टी भिन्न आहेत. सी ड्राइव्हमध्ये जागा अगदी संपली असता विंडोजला खाते उघडण्यासाठी लागणाऱ्या तात्पुरत्या फाइली लिहिता येत नाहीत, व वर वर्णिलेले प्रकार घडतात. सेफ मोडमध्ये जाऊन मोठे व्हिडिओ दुसऱ्या साधनावर हलवावेत, रद्दीची टोपली रिकामी करावी आणि 'डिस्क क्लीनअप' चालवावे.

डिस्क मरू लागली असेल तर लक्षणे निराळी असतात. कॅबिनेटमधून टक् टक् असा नियमित आवाज येतो, साधी फाइल उघडण्यास मिनिटे लागतात, आणि यंत्र एके दिवशी चालते व दुसऱ्या दिवशी थांबते. अशा वेळी डिस्क तपासणारे व दुरुस्त करणारे आदेश आधी चालवू नयेत. त्या परिश्रमातच ती कायमची बसू शकते. आधी प्रत, मग तपासणी. विंडोज उघडतच नसेल तर पेन ड्राइव्हवरून चालणारी लिनक्स प्रणाली वापरावी. ती डिस्कवर काही न बसविता यंत्र चालू करते व विंडोजची फोल्डरे उघडून दाखविते. तेथून फाइली दुसऱ्या साधनावर उतरविता येतात. पहिल्याच पडद्यावर येणारा 'इन्स्टॉल' हा पर्याय मात्र निवडू नये. तंत्र जाणणारा एखादा माजी विद्यार्थी गावात असेल तर हे काम तासाभराचे आहे.

ज्या शाळांत मूळचीच लिनक्स प्रणाली आहे तेथे हा बिघाड बहुधा दुसऱ्या रूपात दिसतो: पासवर्ड मान्य होतो, पडदा लुकलुकतो व प्रवेशाची चौकट परत येते. त्याची नेहमीची कारणे दोन. एक, डिस्क भरणे. दुसरे, वापरणाऱ्याच्या फोल्डरातील 'एक्स-ऑथॉरिटी' या लपलेल्या फाइलीची मालकी चुकून मुख्य प्रशासकाकडे जाणे. प्रशासकाच्या अधिकाराने एखादा खिडकीचा कार्यक्रम चालविल्यावर असे होते. कंट्रोल, ऑल्ट व एफ ३ या कळा दाबल्या की केवळ अक्षरांचा पडदा येतो. तेथे नाव व पासवर्ड देऊन जागा किती उरली ते पाहता येते आणि त्या फाइलीची मालकी परत फिरविता येते.

वीज, धूळ आणि घड्याळ

धूळ पुसावी, पंखा फिरतो का ते पाहावे. मदरबोर्डवरील नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल संपला की तारीख जुनी दिसते व संकेतस्थळे उघडेनाशी होतात. पण डेस्कटॉप न येण्याशी त्याचा संबंध क्वचितच असतो. यूपीएसकडे मात्र अधिक लक्ष हवे. त्यातील बारा व्होल्टची बॅटरी साधारणतः दोन-तीन वर्षांत निकामी होते, आणि मग यूपीएस म्हणजे केवळ एक जड पेटी उरते. वीज गेल्यावर संगणक त्याच क्षणी बंद पडत असेल, तर खात्याची फाइल कधी ना कधी बिघडणारच. शाळा सुटण्यापूर्वी दहा मिनिटे आधी संगणक बंद करण्याचे काम वरच्या वर्गातील दोन मुलांकडे पाळीपाळीने सोपवावे, आणि पडदा पूर्ण विझल्याखेरीज भिंतीवरच्या बटणास हात लावायचा नाही असे त्यांस सांगावे. मुले हा नियम मोठ्यांपेक्षा अधिक कसोशीने पाळतात.

विंडोज ७ ची सुरक्षा-सुधारणा १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० ची सर्वसाधारण सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. असे यंत्र दुरुस्त झाले तरी त्यावर बँकेचे व्यवहार अगर विद्यार्थ्यांच्या आधार क्रमांकांचे काम करू नये. चित्र काढणे, टंकन, गणिताचे खेळ, साठविलेले पाठ दाखविणे यांस ते अद्यापि पुरेसे आहे, आणि लहान शाळेतील मुलांच्या हाती येणारा तो पुष्कळदा एकमेव कळफलक असतो.

दुरुस्तीस यंत्र पाठविणे अटळच झाले तर सोबत अर्ध्या पानाचे टिपण द्यावे: बिघाड कोणत्या तारखेस दिसला, त्याआधी काय बसविले, साखळी कोठे थांबते, टास्क मॅनेजर उघडतो की नाही, सेफ मोडमध्ये काय दिसते, कोणती फोल्डरे जपावयाची आहेत. 'फाइलींची प्रत घेतल्याशिवाय फॉरमॅट करू नये' ही ओळ त्यावर ठळक लिहून पोच म्हणून दुरुस्ती करणाऱ्याची सही घ्यावी. आणि दुरुस्तीचा खर्च परवडण्यासारखा नसल्यामुळे यंत्राचे निर्लेखन करण्याचे ठरले, तर डिस्क आत ठेवून ते भंगारात देऊ नये. तीत मुलांची नावे, जन्मतारखा व छायाचित्रे असतात. हव्या त्या फाइली उतरवून घेतल्यावर डिस्क काढून पुसून घ्यावी अथवा फोडून टाकावी, आणि तसे केल्याची नोंद निर्लेखनाच्या प्रस्तावास जोडावी.